आधी लिफ्ट, मग ट्रेल? एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

ट्रेलवर, म्हणजे डांबरी रस्ता सोडून दगडमातीच्या अवघड वाटांवर, गाडी चालवण्याचा छंद नव्याने लागलेल्या माणसाच्या कानावर एक सल्ला हमखास पडतो, आणि तो इतक्या ठामपणे दिला जातो की त्यावर शंका घेणे कोणाला सुचत नाही. कारखान्यातून आलेली गाडी आहे तशी ट्रेलवर नेणे म्हणजे ती मोडून घेणे. आधी सस्पेन्शन उंच करून गाडी तीन इंच वर उचलणारे लिफ्ट किट, मग 35 इंची टायर, मग लोखंडी बंपर, विंच (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारे यंत्र) आणि स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) बसवावे आणि त्यानंतरच दगडधोंड्यांच्या वाटेला जावे, असा तो सल्ला. यातली प्रत्येक वस्तू योग्य ठिकाणी उपयोगाची आहे. मात्र त्यांचा क्रम उलटा आहे, आणि प्रत्येकीसाठी दिले जाणारे कारण अर्धेच खरे आहे.

लिफ्टमुळे ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीच्या तळामधले अंतर, वाढतो, हे पहिले कारण. सलग ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असलेल्या, गाडीखाली एकदा पाठीवर झोपून पाहावे. सर्वांत खाली लोंबणारा भाग डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचा, असतो, आणि तो ॲक्सलवरच असल्यामुळे वरच्या स्प्रिंगा कितीही उंच केल्या तरी जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. त्याला उचलायचे तर टायरच मोठा लागतो, आणि तिथेही व्यासात दोन इंच वाढले की पदरात एकच इंच पडतो. पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असतील तर तिथले डिफरन्शियल चासीबरोबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याबरोबर, वर जाते खरे, पण मग चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टचे सांधे सतत तिरक्या कोनात फिरतात, त्यांचे रबरी बूट फाटतात आणि आत धूळ शिरते. चासी वर गेल्याने चढाला भिडताना बंपर आणि उंचवटा ओलांडताना पोट टेकत नाही, हा लिफ्टचा खरा फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही.

त्याची किंमत तिरक्या उतारावर मोजावी लागते. दोन चाकांमधले अंतर 1500 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची 700 मिलिमीटर धरली, तर कागदावर गाडी सुमारे 47 अंशांवर कलंडते. लिफ्टनंतर गुरुत्वमध्य 60 मिलिमीटरने वर गेला तर हा आकडा साडेचव्वेचाळीसच्या आसपास येतो. अडीच अंश क्षुल्लक वाटतील, पण प्रत्यक्षात खालच्या बाजूच्या स्प्रिंगा आणि टायर दबतात, त्यामुळे मर्यादा कागदापेक्षा बरीच अलीकडे असते. त्यातच वरच्या बाजूच्या चाकाखाली 10 सेंटिमीटरचा दगड आला की गाडी आणखी जवळजवळ चार अंश कलते. शिवाय स्टिअरिंगची भूमिती बिघडते ती वेगळीच. माझ्या जुन्या गाडीला तीन इंच उचलल्यावर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके राहू लागले आणि वळणानंतर ते आपोआप जागेवर येईना. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगला आपोआप सरळ आणणारा पुढच्या चाकांच्या वळणाच्या आसाचा कल, कमी झाला होता आणि ॲक्सल एका बाजूला सरकला होता. काम करणाऱ्याने मात्र सवय होईल एवढेच सांगून मला वाटेला लावले.

टायर जितका मोठा तितकी पकड जास्त, हा दुसरा समज. 31 इंची टायरच्या जागी 35 इंची बसवला की घेर जवळजवळ 13 टक्क्यांनी वाढतो, 4.10 गुणोत्तराचा ॲक्सल (चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्टच्या 4.10 फेऱ्या) मग 3.63 असल्यासारखा वागतो, म्हणजे दगडांवर जिथे हळू आणि जोर लावून चालायचे तिथेच गाडी कमजोर पडते. काटा 60 दाखवतो तेव्हा खरा वेग 68 च्या जवळ असतो आणि जड चाके थांबवताना ब्रेक दमतात. खोल चाकोऱ्या आणि मोठे दगड असलेल्या काही वाटांवर एवढे टायर लागतातच, पण तिथे जाणाऱ्याने ॲक्सलचे गिअर बदलण्याचा खर्चही आधीच धरलेला असतो.

पकड वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय व्हॉल्व्हच्या टोपणाखाली असतो. ट्रेलच्या तोंडाशी गाडी उभी करून चाकाशी उकिडवे बसावे, व्हॉल्व्हची पिन दाबावी आणि हवेच्या दाबाचा काटा 32 पीएसआयवरून 20 च्या आसपास येऊ द्यावा. टायरची बाजू खाली फुगीर दिसू लागते आणि जमिनीला टेकलेला पट्टा लांब होतो. थोड्या वेळापूर्वी ज्या खडकावर चाक घसरत होते त्याला टायर अक्षरशः मिठी मारतो. वाळूत याहून खाली जाता येते, मात्र फार खाली गेल्यास वळताना टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर जवळ हवाच.

लोखंडी बंपरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बंपर आणि विंच मिळून शंभर किलोच्या घरात वजन पुढच्या चाकांवर येते आणि लहान गाडीच्या बाबतीत हे नाकापेक्षा मोती जड असे होते.

विंच असली की एकट्याने कुठेही जाता येते, हा समज अधिक धोकादायक आहे. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची असते. वर जितके थर, तितकी ओढ कमी. चिखलात पोटापर्यंत रुतलेली गाडी स्वतःच्या वजनाहून अधिक ओढ मागू शकते, म्हणून जाणकार पुली लावून दोर दुहेरी करतात, आणि तरीही समोर झाड किंवा दुसरी गाडी लागतेच. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी मागे बसवलेल्या गोळ्याला, पट्टा अडकवून हिसका देणे तर कधीच करू नये. तुटलेला बॉल काच फोडून आत येतो आणि त्याने माणसे दगावली आहेत.

स्नॉर्कलमुळे गाडी पाण्यात चालते, असेही सांगतात. तो फक्त इंजिनाच्या हवेची वाट वर नेतो. तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरची, म्हणजे ॲक्सलमधल्या हवेला आत-बाहेर वाट देणारी, नळी आखूड असेल तर पाणी आत ओढले जाते. नदी ओलांडून आल्यावर डिफरन्शियलचा प्लग सैल करून पाहा. तेल दुधाळ निघाले तर ते त्याच दिवशी बदला. स्नॉर्कलच्या किमतीच्या मानाने ब्रीदरची नळी बॉनेटपर्यंत वाढवणे फुकटच म्हणायचे.

राहिला मूळ मुद्दा, मूळ स्थितीतली गाडी निकामी असते हा. सुझुकी जिम्नीचा तीन दारी अवतार कारखान्यातूनच 210 मिलिमीटर क्लिअरन्स आणि बंपर न टेकता चढता-उतरता येणारे पुढे 37, मागे 49 अंशांचे कोन घेऊन येतो. जीप रँग्लर रुबिकॉनच्या जेएल पिढीतील मॅन्युअल गाडीत लो रेंजमधल्या (संथ पण जोरदार चालीच्या) पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर 84 च्या आसपास आहे आणि दोन्ही ॲक्सलना लॉकर, म्हणजे डावे-उजवे चाक एकत्र फिरायला लावणारी कुलपे, आहेत. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेले की जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच जोर मिळत नाही; म्हणून पैसे हातात असतील तर लिफ्टच्या आधी मी मागचा लॉकर आणि पोटाखाली जाड पत्र्याचे संरक्षण घेईन, आणि त्याच्याही आधी एक चांगला प्रेशर गेज.