तांदळातले नाव आणि दाखल्यावरचे नाव : आपल्या तक्रारीला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण आमच्या रत्नागिरीच्या कार्यालयाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी तीनदा वाचला, आपल्या बहिणीच्या कागदांची फाईल पुन्हा उघडून प्रत्येक तारीख ताडून पाहिली आणि मगच हे उत्तर लिहायला बसले. आपली तक्रार अशी आहे की, बहिणीला अमेरिकेतील पतीकडे राहायला जाता यावे म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे दिलेल्या कागदांचा संच अमेरिकेला पाठवण्याजोगा होईपर्यंत ऑगस्टचा शेवट उजाडला. किरकोळ चुकीसाठी आपल्याला ग्रामपंचायतीत दोनदा खेटे घालावे लागले. नको असलेल्या अपोस्टिलचे, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर घ्यावयाच्या सरकारी प्रमाणनाचे, पैसे घेतले गेले. नवरा-बायकोचे खासगी फोटो आणि मेसेज मागितले गेले. आणि तोपर्यंत बहिणीला टुरिस्ट व्हिसावर पाठवा असे आपण म्हणालात तेव्हा मी साफ नकार दिला. आपले, बहिणीचे किंवा गावाचे नाव मी येथे लिहिणार नाही, मात्र यांपैकी एकही मुद्दा टाळणार नाही.

अपोस्टिलच्या बाबतीत आपले म्हणणे पूर्णपणे खरे आहे आणि चूक आमची आहे. युरोपातील अनेक देशांसाठी विवाहाचा दाखला आधी राज्य शासनाकडून साक्षांकित करून मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्यावे लागते, आणि आमच्याकडे येणारी बरीचशी कामे तशीच असल्यामुळे आमच्या सहाय्यकाने सवयीने आपलाही दाखला मुंबईला पाठवून दिला. अमेरिकन नागरिक असलेल्या पतीने पत्नीला कायमचे तिकडे नेता यावे म्हणून करावयाच्या आय-१३० या पहिल्या अर्जाला भारतीय दाखल्यावर अपोस्टिल लागत नाही. त्याहून वाईट असे की मूळ कागद पाठवण्यापूर्वी त्याचा रंगीत स्कॅन काढून ठेवलेला नव्हता, म्हणून दाखला परत येईपर्यंतचे तीन आठवडे सगळे काम अडून राहिले. त्यासाठी आपल्याकडून घेतलेल्या ४,५०० रुपयांत सरकारी शुल्क फक्त ५० रुपयांचे होते. बाकी रक्कम साक्षांकन, एजन्सी, कुरिअर आणि आमची मजुरी यांची होती. ती सगळीच्या सगळी आम्ही परत करत आहोत. आता मूळ कागद कार्यालयाबाहेर जाण्याआधी त्याचा दोन्ही बाजूंचा स्कॅन झाल्याची सही मी स्वतः करते.

दाखल्यावरील नावाच्या बाबतीत मात्र मला आपल्याशी सहमत होता येत नाही, आणि याविषयी मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण याच कारणासाठी लोक आमच्यावर सर्वांत जास्त रागावतात.

गृहप्रवेशाच्या वेळी तबकात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची पद्धत आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. माझेही नाव तसेच बदलले होते आणि त्या क्षणाची मला आजही माया आहे. आपल्या बहिणीचेही नवे नाव ठेवले गेले आणि विवाह नोंदणीचा नमुना ड भरताना घरातल्या वडीलधाऱ्यांनी वधूच्या रकान्यात तेच नाव, पुढे पतीचे नाव आणि सासरचे आडनाव असे लिहिले. त्यामुळे ग्रामपंचायतीने नमुना ई मध्ये दिलेल्या दाखल्यावरही तेच उतरले. यात तेथील कोणाचीही चूक नाही. परंतु पासपोर्ट, जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि पदवी या सर्वांवर तिचे माहेरचे नाव आहे. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर आपल्या बहिणीच्या यजमानांचे लग्न ज्या स्त्रीशी झाले, ती स्त्री त्या एका दाखल्याबाहेर कोठेच अस्तित्वात नव्हती.

आपण त्या दिवशी माझ्यासमोर बसून म्हणालात की दाखला मराठीत आहे, तिकडे मराठी कोण वाचणार, इंग्रजी भाषांतरात पासपोर्टवरचे नाव लिहून टाका. यामागची आपली घाई मला समजत होती. यजमान परत गेलेले, बहीण सासरी एकटी आणि घरचे रोज विचारत होते की पुढे काय झाले. पण अमेरिकेच्या नियमांनुसार इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत संपूर्ण भाषांतर द्यावे लागते, आणि ते पूर्ण व अचूक आहे, तसेच आपण त्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्यास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराला सहीनिशी प्रमाणित करावे लागते. जे मूळ कागदावर नाही ते भाषांतरात लिहून त्याखाली मी सही केली, तर ते खोटे प्रमाणपत्र होते. शिवाय भारतातील इमिग्रंट, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या, व्हिसाच्या मुलाखती मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वाणिज्य दूतावासात होतात, आणि तेथे मराठी वाचणारी माणसे आहेत. मुलाखतीच्या दिवशी मूळ दाखला आणि भाषांतर शेजारी ठेवले गेले असते, तर फरक पहिल्याच ओळीत दिसला असता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी खिडकीसमोर मी नव्हे, आपली बहीण उभी असती.

आपल्या कायद्याचा दृष्टिकोनही हाच आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ मध्ये असे म्हटले आहे की नोंदीत चूक आढळल्यास निबंधकाने मूळ नोंदीत काहीही फेरफार न करता समासात दुरुस्तीची नोंद करून तेथे सही व तारीख घालावी. हे कलम जन्म आणि मृत्यूच्या नोंदींपुरते असले, तरी चूक ज्या नोंदवहीत झाली तेथेच, उघडपणे दुरुस्त व्हावी, हे त्यातील तत्त्व मी प्रत्येक दाखल्याला लावते. म्हणून आम्ही दुरुस्तीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र तयार करून आपल्याला ग्रामपंचायतीत पाठवले.

त्यात पाच आठवडे का गेले, हे आपल्यालाही ठाऊक आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) दोन गावांचा कार्यभार असल्यामुळे ते आपल्या गावी आठवड्यातून दोनच दिवस बसतात. नोंदणीच्या वेळच्या तीन साक्षीदारांच्या सह्या पुन्हा हव्या होत्या आणि त्यांपैकी दोघे चाकरमानी मे महिन्याची सुट्टी संपवून मुंबईला परतले होते. त्यात जुलैच्या पावसात दरड येऊन घाटातला रस्ता बंद पडला. दुरुस्त दाखला आपण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलात, तेव्हा दमट हवेने गोल शिक्क्याची शाई पसरून थेट नोंदणी क्रमांकावर आली होती, आणि त्यातला शेवटचा आकडा १ आहे की ९ हे मला भिंगाखाली धरूनही सांगता येईना. आपला दुसरा खेटा त्या एका आकड्यासाठी होता. तो टाळता आला असता तर मला आनंद झाला असता, पण जो आकडा मला वाचता येत नाही तो मी भाषांतरात अंदाजाने लिहू शकत नाही.

प्रत्येक फरकासाठी आम्ही लोकांना पळवतो असेही नाही, आणि याचे उदाहरण आपल्याच फाईलमध्ये आहे. बहिणीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे आडनाव कुळाचे आहे, तर पासपोर्टवर गावावरून आलेले ‘कर’ लागणारे आडनाव आहे. कोकणात ही दोन आडनावे घरोघरी सापडतात. दोन्ही खरी असल्यामुळे तेथे दुरुस्तीचा प्रश्नच येत नव्हता. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत एवढे सांगणारे वडिलांचे प्रतिज्ञापत्र आणि सोबत त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला पुरेसा होता, आणि ते काम आम्ही दीड दिवसात करून दिले.

फोटो आणि मेसेज यांविषयी आपला राग मी समजू शकते. अर्जदाराला हे लग्न केवळ व्हिसासाठी केलेले नाही हे पुराव्यानिशी दाखवावे लागते, आणि ठरवून झालेल्या लग्नात दोघांच्या ओळखीचा काळ थोडा असल्यामुळे हे पुरावे विचारपूर्वक निवडावे लागतात. आम्ही मेसेजमधील मजकूर मागितला नव्हता. साखरपुड्यापासून नियमित बोलणे होत होते हे दिसेल एवढी तारखांची आणि फोनची यादी हवी होती. आपण आणलेल्या अल्बममध्ये चारशेहून अधिक फोटो होते, पण बहुतेकांत नवरी एकटीच होती. आम्ही निवडलेल्या अठरांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटला तो छायाचित्रकाराने काढलेला नव्हताच, आपल्या मावशींच्या मोबाईलमधला होता. त्यात मुंडावळ्या सुटू लागलेले दोघे पंगतीत बसलेले आहेत, आणि दोन्हीकडच्या आया शेजारी उभ्या राहून वाढताना दिसतात. त्यासोबत लग्नपत्रिका, सभागृहाची पावती, यजमानांच्या पासपोर्टवरील येण्याजाण्याचे शिक्के आणि बँक खात्यातील वारस नोंद जोडली. मात्र हे सगळे आपल्या बहिणीला काउंटरवर, चार अनोळखी माणसांसमोर विचारले गेले आणि तिने मान खाली घातली, असे आपण लिहिले आहे. ते वाचून मला फार वाईट वाटले. तसे व्हायला नको होते, आणि त्याबद्दल मी तिची मनापासून क्षमा मागते. असे बोलणे आता आतल्या खोलीत, मी स्वतः करते.

टुरिस्ट व्हिसाला दिलेला नकार मी आजही देईन. अमेरिकेच्या कायद्यात पर्यटक व्हिसाचा अर्जदार तेथे कायमचा राहायलाच जात आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. पती तेथील नागरिक आणि आय-१३० ची तयारी चालू असताना हे सिद्ध करणे अवघड असते. ही गोष्ट लपवून ‘फिरायला जाते’ असे सांगितले आणि ते खोटे ठरले, तर कायमची प्रवेशबंदी लागू शकते. तीन महिने लवकर भेटण्यासाठी एवढा धोका पत्करायला आम्ही कोणालाही मदत करणार नाही. आम्ही वकील नाही, कागद तयार करणारे आहोत. या बाबतीत कायदेशीर सल्ला हवा असल्यास यजमानांनी तेथील परवानाधारक इमिग्रेशन वकिलाशी बोलावे, हे मी त्या दिवशीही सांगितले होते.

शुल्काबाबत एवढेच सांगते की आय-१३० चे ऑनलाइन ६२५ किंवा कागदी अर्जाचे ६७५ डॉलर हा १ एप्रिल २०२४ पासूनचा सरकारी दर आहे, तो यजमान थेट तेथे भरतात आणि त्यातील एक पैसाही आमच्याकडे येत नाही.

आता पुढच्या टप्प्याविषयी दोन गोष्टी लिहिते, कारण त्या आत्ताच हाती घेतल्या तर पुन्हा अशी धावपळ होणार नाही. बहिणीच्या पासपोर्टवर दुबईतील चौदा महिन्यांच्या वास्तव्याचा व्हिसा आहे. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात बारा महिने किंवा अधिक काळ राहिले असल्यास भारताच्या पोलीस क्लिअरन्सबरोबर त्या देशाचेही प्रमाणपत्र लागते, आणि येथे बसून ते मिळवण्यास वेळ लागतो, म्हणून त्याची चौकशी अर्ज मंजूर होण्याची वाट न पाहता सुरू करावी. दुसरे असे की, तिने अमेरिकेत प्रवेश करतेवेळी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर तिला मिळणारे ग्रीन कार्ड दोन वर्षांच्या मुदतीचे असेल. ती मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ही मुदतीची अट काढण्यासाठीचा आय-७५१ अर्ज करायचा असतो. तेव्हाही एकत्र राहण्याचे पुरावे लागतील, म्हणून घरभाड्याचा करार, विमा आणि बँक खाते यांवर पहिल्यापासून दोघांची नावे, आणि बहिणीचे नाव पासपोर्टप्रमाणेच, घालून घ्यावे.

परतीची रक्कम आणि दुरुस्त दाखल्याच्या तीन रंगीत प्रती आपल्या नावाच्या पाकिटात ठेवल्या आहेत. सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते सायंकाळी सहा या वेळेत त्या घेऊन जाव्यात. येणे जमत नसेल तर कळवावे, पैसे खात्यावर जमा करून प्रती आमच्या खर्चाने स्पीड पोस्टाने पाठवू. मूळ दाखल्याच्या गोल शिक्क्यावर कृपया लॅमिनेशन करू नये.

आपली नम्र,
कार्यालयाची संचालिका, रत्नागिरी