वेळापत्रक कशाला?

‘लहान मुलांना घरी शिकवायचं तर ठरलेलं वेळापत्रक आणि शैक्षणिक खेळणी हवीतच’, हे एका लेखातलं वाक्य वाचलं, काही पटलं नाही. आमची लेक अडीच वर्षांची. मटार सोलताना दाणे मोजते, एक, दोन, पाच असे! गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात भाजीवाल्या मावशींशी गप्पा मारत गवार आणि घेवड्यातला फरक शिकली. मला तो लग्नानंतर कळला. थंडीत नांदूरमधमेश्वरला पक्षी दाखवायला नेलं, तर बाईसाहेबांना दुर्बिणीच्या झाकणातच रस. असू दे.

शिक्षण हक्क कायदाही 6 ते 14 वयासाठीच आहे, मग आत्तापासून तासिका कशाला? कणीक मळायला बसवल्यावर घरभर उडालेलं पीठ कोणी झाडायचं, ते मात्र लेखात यायला हवं होतं.