भंगारवाल्याची पावती जमेला

छोट्या कारखानदारांत एक मजकूर सध्या जोरात फिरतोय: ‘क्वालिटी हे मोठ्यांचे चोचले. दर्जा वाढवला की खर्च वाढतो. गिऱ्हाईक भावच बघतं. आणि तपासायला माणसं ठेवली की नफा संपला.’

‘दर्जा वाढवला की खर्च वाढतो.’ भारी पोलाद वापरलंत तर वाढेलच. पण ड्रॉइंगवर जे मागितलंय तेच पहिल्या खेपेला करायला भारी पोलाद कशाला लागतं? दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यात.

हिशेब घ्या. पीस 100 रुपयांना जातो, खर्च 92, नफा 8. एक रिजेक्ट झाला, भंगारात 12 रुपये आले. बुडाले 80, म्हणजे 10 चांगल्या पिसांचा नफा. हे आपल्याच शेडमध्ये सापडलं तर! कस्टमरच्या लाइनवर सापडलं की डेबिट नोट म्हणजे बिलातून कापलेले पैसे, खराब माल निवडायला धाडलेली दोन पोरं, रातोरात केलेला टेम्पो. सगळं ‘इतर खर्चा’त जातं, मालकाला दिसतच नाही.

चोचले मोठ्यांचे म्हणता, तर मोठ्यांचंही बघा. 1974 साली जपानच्या मात्सुशिताने मोटोरोलाचा अमेरिकेतला टीव्हीचा धंदा घेतला. तिथे दर 100 टीव्हींमागे 150 ते 180 दोष निघत. काही वर्षांत ते 3-4 वर आले. वॉरंटीतल्या दुरुस्त्यांचा वार्षिक खर्च 2.2 कोटी डॉलरवरून 40 लाखांच्या आत आला. कामगार बहुतांशी तेच होते.

‘गिऱ्हाईक भावच बघतं.’ पहिल्या ऑर्डरला बघतं. 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा भाव उतरवून ती सुटणार होती का?

तपासणीच्या माणसांबद्दल मात्र मजकूर लिहिणाऱ्याशी माझं भांडण नाही. तपासणीने खराब पीस वेगळा निघतो, चांगला होत नाही. पैसे वाचतात ते टूल वेळेवर बदलल्याने, फिक्श्चरमध्ये, म्हणजे पीस धरून ठेवणाऱ्या साच्यात, तो उलटा बसूच नये अशी पिन ठोकल्याने. मापं तपासायचे गेज, ते बरोबर दाखवतात का हे बघणारं कॅलिब्रेशन, पोरांना शिकवणं यांत सुरुवातीचे काही महिने खिशातून जातात, हेही खरं.

आणि तोवर महिनाअखेरीला भंगारवाला येतो, काटा करतो, पैसे मोजून देतो. त्याची पावती वहीत जमेच्या बाजूला चढते.