मर्दानगीची चिंता

आमच्या चोपड्याच्या शाळकरी दोस्तांच्या ग्रुपवर परवा सारंगखेड्याच्या यात्रेतला फोटो आला. घोडेबाजारात कॉलेजची दोन पोरं, करंगळीत करंगळी अडकवलेली. खाली लगेच सुरू: 'यांचं लगीन लावून द्या भो!' मग एकाचं प्रवचन, की ही अमेरिकेची थेरं, हल्ली पोरांत मर्दानगी उरली नाही.

मी अमेरिकेतच राहतो बाबांनो, डॅलसजवळ. इथे सहसा कोणी दोस्ताचा हात धरत नाही. २००५ मध्ये याच टेक्सासात, क्रॉफर्डच्या रँचवर, बुश सौदीच्या युवराज अब्दुल्लांचा हात धरून चालले, तर टीव्हीवाल्यांना टिंगलीला विषय मिळाला. आणि याच देशात तरुण लिंकन स्प्रिंगफील्डला जोशुआ स्पीड या दोस्ताबरोबर काही वर्षं एकाच पलंगावर झोपत, कारण वेगळ्या गादीला पैसे नव्हते. तेव्हा ते सर्रास चालायचं. संशय मागाहून आला. अमेरिकेतून चोपड्याला काही पोचलं असेल तर तो हा संशय.

आणि असतील ती दोघं जोडपं, तर ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून तो गुन्हा नाही. तुमच्या बापाचं काय गेलं? (याच पोरांनी मुलीचा हात धरला असता, तर ग्रुपने एव्हाना घरी फोन केले असते.)

आपण काय वेगळे होतो? थंडीत मळ्यात भरीत पार्टी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, केळीच्या पानावर कळण्याची भाकर. मग एकाच गोधडीत चौघं, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर. तेव्हा कुणाची मर्दानगी वाहून गेली?

इथे २०२३ मध्ये सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य डॉक्टर, विवेक मूर्तींना एकटेपणावर अख्ख्या देशाला इशारा द्यावा लागला. मला तो अहवाल वाचायची गरज पडली नाही. मागच्या खेपेला चोपड्यात शेवभाजी खाताना दोस्ताने बोलता बोलता मांडीवर हात ठेवला आणि मी ताठ झालो. त्याला ते बरोबर कळलं. 'साहेब झाला भो,' म्हणाला आणि रस्सा मागवला.

इथली मिठी म्हणजे एक खांदा पुढे, पाठीवर दोन थापा, संपलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलो की आम्ही खान्देशीसुद्धा तीच मारतो, आणि लगेच घराच्या व्याजदरावर येतो.