चिरंजीवांच्या हाती चावी

मूल अठरा वर्षांचे झाले की गाडीची चावी कोणाकडे असावी हा घरातला वाद आपोआप मिटतो आणि आईवडिलांच्या हाती केवळ मोबाईल उरतो. अशा पालकांसाठी, या प्रांतात थोडे आधी पाऊल टाकलेला एक बाप म्हणून, काही सूचना नम्रपणे सादर करीत आहे.

गाडी घेताना एअरबॅगा मोजाव्यात. सहा म्हणजे नक्की सहाच ना, असे शोरूममध्ये दोनदा विचारावे आणि तो आकडा शेजाऱ्यांच्या कानावरही घालावा. एअरबॅग सीटबेल्टच्या जोडीला असते, बेल्टऐवजी नव्हे, आणि बेल्ट न लावता पुढे फेकल्या गेलेल्या माणसाला क्षणार्धात फुगणारी तीच पिशवी जबर इजा करू शकते, असे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. परंतु पुस्तिका प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढायची नसते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

१ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना बोलण्याची सक्ती झाली. ताशी ८० किलोमीटर ओलांडले की त्या मधूनमधून वाजतात, १२० नंतर अखंड वाजतात आणि पुढच्या माणसाने बेल्ट लावला नाही तरीही वाजतात. घरोघरचे खाकरणारे आजोबा गावी राहिल्यामुळे ही व्यवस्था करावी लागली असावी. बेल्टच्या आवाजावर मात्र बाजारात रामबाण उपाय आहे. चिमटीत मावणारी एक चपटी धातूची क्लिप बक्कलात खट्कन बसवली, की माणूस बांधला गेला अशी गाडीची खात्री पटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्रेत्यांकडून अशा क्लिपांच्या सुमारे १३,११८ नोंदी काढून टाकल्याचे जाहीर झाले, त्यामुळे नव्या पालकांना थोडी शोधाशोध करावी लागेल. आमच्याकडे ती जुन्या गाडीपासून आहे. मुलगा लहान असताना तिला ‘बाबांचा बेल्ट’ म्हणत असे.

ज्यांची अपत्ये अजून सोळा-सतरा वर्षांची आहेत आणि तरीही ‘सोसायटीच्या आतल्या आत’ उत्तम गाडी चालवतात, त्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम १९९अ वाचू नये. त्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही, असे बरेच काही आहे. शिवाय मुलाने गाडी पालकाच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे पालकाने सिद्ध करायचे. आपल्या संमतीला घरात एरवी कोणी इतके मोल दिल्याचे निदान मला तरी आठवत नाही.

आता मोबाईलकडे वळू. फास्टॅग आपल्या खात्याला जोडलेला असावा, म्हणजे कात्रजला मित्राकडे अभ्यासाला गेलेल्या मुलाचे खालापूर टोलनाक्यावर पैसे कापले गेल्याचा संदेश रात्री पावणेबाराला आपल्याला मिळतो. त्यापुढची पायरी म्हणजे गाडीचे अॅप. त्यात वेगाची मर्यादा ९० ठेवावी. ती ओलांडली की फोन थरथरतो, नकाशावर एक निळा ठिपका द्रुतगती मार्गावरून सरकताना दिसतो आणि त्याच्या शेजारी ११८ असा आकडा असतो.

अशा वेळी पालकाने क्षणाचाही विलंब न लावता मुलाला फोन करावा. त्याने उचलला नाही तर पुन्हा करावा, उचलेपर्यंत करीत राहावे, कारण ताशी ११८च्या वेगाने जाणाऱ्या माणसाशी तातडीने बोलणे आवश्यक असते. आमचा मुलगा संस्कारी आहे, दुसऱ्या रिंगलाच उचलतो. ‘‘बाबा, गाडी चालवतोय,’’ असे म्हणतो. वेग, रात्रीची वेळ, आईची झोप आणि पेट्रोलचा दर या विषयांवर मी त्याच्याशी लोणावळा येईपर्यंत सविस्तर बोलतो. बोलत असताना मागे कान देऊन ऐकतो. बेल्टचा तो टुंग-टुंग आवाज अजिबात येत नाही, म्हणजे बेल्ट लावलेला असणार.