मिश्री कुठली लावतायसा?

"पावनं, मिश्री कुठली लावतायसा?"

सातारा-सांगली एसटीत, कराड सुटल्यावर, शेजारच्या मावशींनी मला हा प्रश्न विचारला. आठ दिवस झाले, पण आरशासमोर उभा राहिलो की अजून ऐकू येतो.

मुळात त्या बाईंवर माझा राग होताच. साताऱ्यापासून खिडकीत बसलेला माणूस कराडला उतरला. मी सरकणार, एवढ्यात बाहेरून एक पिशवी खिडकीतून आत आली आणि सीटवर बसली. पिशवीपाठोपाठ मावशी आल्या. एसटीत पिशवीला माणसापेक्षा जास्त हक्क असतो, त्यामुळे मी गप्प बसलो. बाई बोलक्या होत्या. पेठ नाक्यापर्यंत माझं गाव, आडनाव आणि पगार काढून झाला. मग त्यांनी काहीतरी विनोद केला, मी हसलो, आणि माझे दात उघडे पडले.

दात तपकिरी होते. का ते सांगतो. हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून दोन महिन्यांपूर्वी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दात साफ केले आणि क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश लिहून दिला. ०.२ टक्के, १० मिली, दिवसातून दोनदा, मिनिटभर खळखळायचं. पंधरा दिवसांत रक्त थांबलं. औषध चांगलंच आहे, उगाच खोटं कशाला बोलू! पण रक्त थांबलं म्हणून मी थांबलो नाही. पंधरा दिवसांत एवढा फायदा, तर दोन महिन्यांत चौपट, असा माझा हिशोब. दुकानदारानेही दुसरी, तिसरी, चौथी बाटली बिनबोभाट दिली.

हे औषध दातांना चिकटून बसतं आणि मग चहाचा रंग त्याला चिकटतो, हे मला कुणी सांगितलं नाही. मी दिवसातून पाच वेळा चहा घेतो. पहिल्यांदा चव गेली, त्यातही आधी मिठाची. तीन दिवस मी आमटी अळणी आहे म्हणून कुरकुरत होतो. चौथ्या दिवशी बायकोने न बोलता माझ्या एकट्याच्या वाटीत चमचाभर मीठ ढवळलं आणि समोर बसून बघत राहिली. मी वाटी संपवून म्हणालो, "आज जमलीय." तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी अजून घाबरतो. सांगलीत राहून भडंग पुठ्ठ्यासारखा लागावा, यापरता दैवदुर्विलास नाही.

डॉक्टरांकडे तक्रार केली तर म्हणाले, "दोन आठवड्यांच्या वर कुणी वापरतं का? लिहून दिलं होतं की." लिहिलं होतं खरं, पण ती अक्षरं फक्त औषधवाल्याला लागतात, आणि त्याला बाटल्या विकायच्या असतात. डाग पॉलिशने निघतात म्हणे. त्याचे पैसे वेगळे. म्हणजे दात साफ करायचे पैसे, दात रंगवायचे पैसे आणि रंग काढायचे पैसे. एवढ्यात घराला रंग झाला असता.

असो. एसटीत येऊ.

"मी मिश्री लावत नाही, मावशी."

"आसं सगळीच म्हणत्यात. आमचं मालक बी चार वरीस म्हणत हुतं."

"अहो, औषधाने झालंय हे. माउथवॉश म्हणतात."

"मंजी काय करायचं?"

"तोंडात घ्यायचं, घोळवायचं, थुंकायचं."

मावशींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मंजी मिश्रीच की वो!"

"नाही, नाही. ते घेतल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं."

"आमचं बी तसंच. कितीला बसती?"

"दीडशेची बाटली."

"आग्गं बया!" हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पुढचे दोन बाकडे वळले. "धा रुपयाची डबी मला आठवडाभर जाती. तलप येती का?"

इथे मी अडकलो. कारण पंधरा दिवसांनी थांबायचं होतं आणि मी दोन महिने थांबलो नव्हतो. सकाळी ते तिखट पाणी तोंडात फिरल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नव्हता.

"येती," मावशींनीच उत्तर दिलं. मग कमरेची चपटी डबी काढली. झाकणाला रबर गुंडाळलेलं. तर्जनीचं टोक आधीच काळं. चिमूटभर पूड खालच्या हिरडीला डावीकडून उजवीकडे लावली, आणि डबी माझ्यापुढे धरली. "लाजू नगा."

मी त्यांना सांगितलं, की मावशी, ही जाळलेली तंबाखू आहे, याने कॅन्सर होतो. "व्हय की," त्या म्हणाल्या, "सून रोज सांगती. दिवाळीपसनं सोडणार हाय." कुठल्या दिवाळीपासून ते सांगितलं नाही.

आपल्याकडे चूळ भरायला पैसे कधी पडत होते? आयुर्वेदात तर तिचे प्रकार आहेत: तोंडात घोळवता येईल इतकं भरलं तर कवल, गच्च भरलं की हलवता येत नाही तो गंडूष. माझे आजोबा जेवणानंतर ओट्यावरून अशी चूळ टाकत की शेजारचं मांजर वेळ ओळखून उठायचं. साहेबाला मात्र बाटली लागली. अमेरिकेत १८७९ साली लिस्टरिन निघालं ते शस्त्रक्रियेतले जंतू मारायला, जोसेफ लिस्टर या सर्जनचं नाव लावून. पुढे १९२० च्या दशकात जाहिरातवाल्यांनी तोंडाच्या वासाला 'हॅलिटोसिस' असं भारदस्त नाव चिकटवलं, आणि आपल्या तोंडाला वास येतो या भीतीने लोक दुकानात धावले. त्याच रांगेत शेवटी मी उभा. शिवाय जिभेवरचे काही जंतू पालेभाजीतल्या नायट्रेटचं रक्तदाबाला उपयोगी असं काहीतरी करत असतात, आणि हे औषध त्यांनाही सोडत नाही. बिचारे मेथीची वाट बघत बसले असतील, त्यांच्यावर मी रोज दोनदा पूर आणत होतो.

हे सगळं मावशींना सांगायचं होतं, पण आष्टा आलं. त्या उठल्या, पिशवी काढली. मागून एक पोरगा माझ्यावरून खिडकीकडे झेपावला. मावशींनी त्याला कोपराने अडवलं.

"ए, त्यांस्नी बसू दे खिडकीला. त्यांस्नी थुकाय लागतंय."

सगळी एसटी माझ्याकडे बघत होती. कंडक्टरने मान डोलावली. मी सरकलो आणि खिडकीला बसलो. सांगलीपर्यंत वारा छान होता. तोंड मात्र उघडलं नाही.