गळती सापडूच नये म्हणून काय करावं

"शेठ, गाडी पाणी पितीये," म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी सारखं कमी होतंय, असं ड्रायव्हरने सांगितलं, की लगेच केबिन उचलून बघायला धावू नका. हसा. "उन्हाळा आहे बाबा, आपण पितो, तिला नको का?" असं म्हणा आणि पाच लिटरचा एक कॅन घेऊन द्या. मी हेच केलं. माझी दहा टायरची गाडी न्हावा शेवाहून माल भरते आणि सिन्नरच्या एमआयडीसीत टाकते; मध्ये कसारा घाट. एका विनोदावर आणि एका कॅनवर मी पावणेदोन महिने काढले. तुमच्यात चिकाटी असेल तर वर्षही निघेल.

कॅन एकदा गाडीत चढला की उतरत नाही. पहिल्या आठवड्यात इगतपुरीला पोचल्यावर एक लिटर. मग घाटाच्या पायथ्याला एक आणि वर एक. मग शहापूरलाही "बघून घेऊ" म्हणून थोडं. कुणी हिशेब मांडायला बसला तर त्याला चहा सांगा, कारण हिशेब वाईट असतो. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला १८० मिलिलिटर, दहा तासांच्या फेरीला १.८ लिटर. म्हणजे पावणेदोन लिटर पाणी गायब व्हायला गाडीखाली डबकं साचायची गरज नाही. एकच थेंब पुरतो, आणि तो तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडला तर खाली पोचतसुद्धा नाही. हे ज्याला कळतं तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतो, आणि आपल्याला तेच टाळायचं आहे.

कॅनमध्ये काय भरायचं? जे मिळेल ते. ढाब्याची टाकी, पंपावरचा नळ, पावसाळ्यात घाटातला धबधबा. कूलंटचा विषय कुणी काढला तर ठरलेलं उत्तर द्या: "कसाऱ्यात बर्फ पडतो का?" हे उत्तर बिनतोड आहे. अर्धं पाणी आणि अर्धं कूलंट घातलं तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही हे खरं, आणि आपल्याकडे त्याचा उपयोग शून्य हेही खरं. त्यात गंज आणि क्षार थोपवणारं औषध असतं, हे मात्र बोलू नका. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं; ओल्या लायनरच्या इंजिनात त्याला बाहेरून थेट पाणी लागतं. पिस्टनच्या दणक्यांनी लायनर थरथरतो, पाण्याकडच्या अंगाला बारीक बुडबुडे धरतात, फुटतात, आणि फुटताना लोखंड कुरतडत जातात. शेवटी सुईने टोचल्यासारखं आरपार भोक. औषध त्या अंगावर पापुद्रा धरतं म्हणून लायनर वाचतो. बोरच्या पाण्यात ते औषध नसतं. क्षार मात्र भरपूर. घरातल्या अंघोळीच्या हीटरची कॉइल एकदा बघा, पांढरी फटक. आपलं इंजिन तसं व्हायला काहीच हरकत नाही.

साध्या पाण्याचा आणखी एक फायदा आहे, तो मला फार उशिरा कळला. त्याला रंग नसतो. कूलंट हिरवं, गुलाबी, निळं, जिथून झिरपेल तिथे डाग सोडून चुगली करतं. पाणी तोंड उघडत नाही.

आता हळद. हायवेवर तुम्ही कुणालाही विचारा, पंक्चरवाला असो नाहीतर भेळवाला, तो पहिल्यांदा हळदच सांगेल. आणि त्याला हसू नका. रेडिएटरच्या नळीला बारीक भोक असेल तर हळदीचा चोथा तिथे अडकून ठिबक थांबतं. रात्री दोन वाजता रानात अडकलेल्या गाड्या हळदीवर घरी आलेल्या मी पाहिल्यात. पण आपण तेवढ्यावर थांबायचं नाही. भोक कुठे आहे, आहे की नाही, हे माहीत नसतानाच हळद घालायची, आणि एक पाकीट लागू पडलं नाही म्हणून तीन घालायची. हळदीला भोक आणि नळी यातला फरक कळत नाही. नळ्या आधीच क्षाराने अर्ध्या बुजलेल्या, उरलेल्या अर्ध्या सांगलीच्या राजापुरी हळदीने बुजतात. हळद लागली म्हणजे लग्नही जवळ आलं समजा. चौथ्या फेरीला काटा लाल पट्टीत गेला आणि रेडिएटर खाली उतरला. कारागिराने वरची टाकी उघडली, आत बोट घालून पिवळा लगदा बाहेर काढला, नाकापाशी नेला आणि म्हणाला, "फोडणी तेवढी राहिली, शेठ."

याच हळदीच्या दिवसांत एक प्रसंग घडला. तसा तुमच्याकडे घडला तर काय करायचं ते नीट वाचा. पाऊस सुरू झाला होता. आमचा क्लीनर, एकोणीस वर्षांचा पोरगा, रोज सकाळी हवेच्या टाकीची कडी ओढून ब्रेकच्या हवेतलं पाणी सोडतो. तो म्हणाला, "शेठ, टाकीतून पाणी लई येतंय. आणि पिवळं येतंय."

मी म्हणालो, "पावसाळा आहे. हवेतच पाणी आहे." ड्रायव्हर म्हणाला, "कंप्रेसरचं ऑइल मिसळतं, त्याने पिवळं दिसतं." पोराने तळहातावर घेऊन दाखवलं. मी बघितलं नाही. तुम्हीही बघू नका. गाडीत सगळ्यात कमी पगार ज्याला, त्याचं मत सगळ्यात शेवटी ऐकायचं, हा धंद्यातला जुना रिवाज आहे.

पुढची पायरी म्हणजे गाडी ज्याला भेटेल त्याला दाखवणं. कळंबोलीत एकाने वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप बघितला. पंपाच्या अंगाला खालून एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं तर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं, मालकाला कळावं, एवढ्यासाठीच ते ठेवलेलं असतं. त्याने त्यात आगपेटीची काडी ठोकली आणि वरून एम-सील लावलं. त्या भोकातून एक थेंबही येत नव्हता. पण भोक दिसलं की बुजवावं ही माणसाची वृत्ती आहे, तिच्या आड येऊ नये. पडघ्याला दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून फेकला. "हा अडकतो, याच्यामुळे तापते." साधारण ८२ अंशाला उघडणारी ती चकती नसली, की बऱ्याच इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासमधून सरळ पंपाकडे परत जातं आणि घाटात गाडी आणखी तापते. आमची तापली. त्यावर तिसऱ्याने पंखा बदलायला सांगितला, तिथे मात्र माझ्याकडचे पैसे संपले होते.

रेडिएटरचं झाकण मात्र कुणी बदललं नाही, आणि मीही ते सुचवणार नाही. त्यावर ०.९ नाहीतर १.१ असा काहीतरी आकडा असतो. तेवढा दाब ते धरून ठेवतं, आणि दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग मेली की पाणी शंभरलाच उकळायला लागतं, इगतपुरीच्या उंचीवर दोनेक अंश आधीच, आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जातं. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. कितीतरी गाड्यांची गळती म्हणजे एवढंच असतं. झाकण काही शे रुपयांना मिळतं, म्हणूनच त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

गाडी गरम असताना ते झाकण उघडण्याविषयीही लोक हौसेने सांगतात: वर फडकं टाका आणि एका झटक्यात फिरवा. आमच्या ड्रायव्हरच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत गुलाबी कातडी आहे, ती या सल्ल्याची पावती. गाडी माझी नव्हती, पण फडकं होतं, असं तो सांगतो.

एवढं सगळं पार पडलं, की तुम्ही हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडायला लायक झालात. आमच्याकडे तो दिवस असा आला. गॅरेजवाल्याने गाडी थंड असताना रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण न लावता इंजिन चालू केलं, आणि आम्ही चारजण भोवती वाकून उभे. पाण्यात बुडबुडे यायला लागले. एक, दोन, मग भांड्यात दूध वर येतं तसे. मिस्त्रीने मान हलवली. "हेड पॅकिंग गेलं." बघणाऱ्या तिघांनी मान हलवली. मीही हलवली. चार माना हलल्या की निदान झालं.

दोन-तीन मिनिटांनी ब्रेकची हवा पूर्ण भरली, गव्हर्नरने, म्हणजे टाकी भरली की कंप्रेसरचं हवा दाबणं थांबवणाऱ्या वॉल्व्हने, फस्स करून जादा हवा सोडली, आणि बुडबुडे थांबले. हे मी डोळ्यांनी बघितलं. पोरानेही बघितलं, कारण तो माझ्याकडे बघत होता. हेड पॅकिंग गेलेल्या इंजिनाचे बुडबुडे ब्रेकच्या हवेला विचारून थांबत नाहीत. पण तोवर मिस्त्रीच्या हातात पाना होता, आणि एकदा पाना हातात आला की मधे बोलू नये. हेड उतरलं, लेथवर फेसिंगला गेलं, नवीन पॅकिंग आलं, सगळ्या वॉल्व्हची सेटिंग झाली. नऊ दिवस गाडी उभी, दोन भाडी गेली, बिल २८ हजार. गॅरेजमधून बाहेर पडून गाडी माल भरून कसाऱ्याला आली. वर पोचल्यावर पोराने कॅन काढला, झाकण फिरवलं आणि काही न बोलता पाणी ओतायला लागला.

मग मी चूक केली. सिन्नर फाट्याच्या अलीकडे एक साधं गॅरेज आहे, पत्र्याची शेड, समोर खाट. तिथे मी गाडी थांबवली. त्या माणसाने काही खोललं नाही, हीच त्याची पहिली खोड. "गाडी थंड होऊ दे," म्हणाला आणि आम्हाला तीन तास बसवून ठेवलं. तीन तासांचं भाडं कोण देणार, हे त्याला विचारायला तुम्ही विसरू नका, मी विसरलो. मग त्याने रेडिएटरच्या तोंडाला एक हातपंप लावला, सायकलच्या पंपासारखा, त्याला घड्याळ. काटा १ बारवर नेला आणि बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत काटा पाऊणच्या खाली. गाडीखाली पुठ्ठा टाकलेला, तो कोरडा. टॉर्च घेऊन त्याने होजच्या सगळ्या क्लिपा, पंप, इंजिनच्या अंगाचे प्लग, ऑइल कूलर, सगळीकडे बोट फिरवलं. कोरडं. ऑइलची पट्टी काढून बघितली, दुधाळ नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी नाही.

मग त्याने विचारलं, "हवेच्या टाकीतून पाणी येतं का?"

मी म्हणालो, "पावसाळ्यात येतंच." पोरगा मागून म्हणाला, "हळद घातली तवा पिवळं येत होतं."

त्या माणसाने माझ्याकडे एकदाच बघितलं. मग ब्रेकच्या हवेच्या कंप्रेसरचा वरचा पाइप सोडला, पंपाचे पुन्हा आठ-दहा झटके मारले, आणि आम्हा दोघांना वाकायला लावलं. पाइपाच्या कोरड्या तोंडात, आतल्या कडेला, एक टपोरा थेंब जमत होता. तो फुगला, कडेवरून घसरला, मागे दुसरा जमायला लागला.

ट्रकच्या कंप्रेसरला थंड ठेवायला इंजिनाचंच पाणी फिरतं. त्याच्या डोक्यावरचं तळहाताएवढं पॅकिंग फाटलं होतं. कंप्रेसर हवा दाबत असला की सात-आठ बारची हवा पाण्यात घुसायची, रेडिएटरमध्ये बुडबुडे यायचे, ओव्हरफ्लोतून पाणी बाहेर फेकलं जायचं. दाबायचा थांबला की उलट पाणी आत झिरपायचं आणि हवेबरोबर ब्रेकच्या टाकीत जायचं. ब्रेकच्या हवेतलं पाणी गाळणाऱ्या एअर ड्रायरचं फिल्टर शेवटचं कधी बदललं ते कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे वाटेत अडवायलाही कुणी नव्हतं. घाटात ब्रेकमध्ये हवा किती आणि पाणी किती, हा विचार मी त्या दिवशी केला नाही, रात्री केला. पॅकिंगचा सेट साडेतीनशेला मिळाला, मजुरी पाचशे. ब्रेकच्या टाक्या सोडल्या, ड्रायरचं फिल्टर नवीन घातलं, काडी उपटून काढली, थर्मोस्टॅट आणि झाकण बदललं, आणि हिरवं कूलंट भरलं. एवढं करून मी तुम्हाला सल्ला द्यायच्या लायकीचा उरलो नाही, हे मान्य.

गाडी आता पाणी पीत नाही. कॅन अजून केबिनमध्येच आहे. पोराने त्यात प्यायचं पाणी भरायला सुरुवात केली होती, ते मी बंद केलं. जुन्या गॅरेजवाल्याला मी फोन करून सांगितलं, की कंप्रेसरचं पॅकिंग निघालं. तो घटकाभर गप्प राहिला. मग म्हणाला, "चांगलं झालं शेठ. आणि हेडचं काम होऊन गेलं ते बरंच झालं. ते आज ना उद्या निघणारच होतं."

मी "हो" म्हणालो.